थोरल्याची जागा

माझा उजवा खांदा कामातून गेलाय हे सगळ्यात आधी बायकोला कळलं, मग कारखान्यातल्या मित्राला आणि सगळ्यात शेवटी मला. म्हणजे दुखत होता मलाच, पण मी कबूल करायला तयार नव्हतो. सदरा घालताना उजवा हात आधी घालून घ्यायचा, वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढायचा, चारचौघांत पाठ खाजवायची नाही, अशा युक्त्या करून वर्षभर काढलं. सत्तावन्न म्हणजे काही वय नव्हे, असं मी स्वतःलाच बजावत होतो.

गिरणी संपात गेली तेव्हापासून मी साकीनाक्याला एका गाळ्यात फिटर होतो. गिरणीत चौतीस वर्षं काढलेला माणूस गाळ्यात कुलपांच्या पट्ट्या घासत बसतो तेव्हा त्याचं नाक आपोआप खाली येतं. माझं आलं नव्हतं, कारण माझ्याकडे एक जागा होती. मुंबईत नव्हे, गावाला, कोकणात. मुलुंडच्या आमच्या चाळीत मी दीड खोलीचा भाडेकरू होतो, पण गावच्या रानात एका घळीच्या तोंडाशी जो मोठा खडक आहे, तो माझा होता.

हे जरा सांगायला हवं. शिमग्यानंतर गाव मिळून शिकारीला निघायचं. आम्ही त्याला पारध म्हणतो. पंधरा-वीस माणसं रानात शिरून आरडाओरडा करत जनावर उठवायची, त्यांना हाकारे म्हणायचं. आणि चार ठरलेल्या घरांची चार माणसं हत्यार घेऊन चार ठरलेल्या जागी बसायची. त्यातली एक जागा आमच्या घराची. आजोबा बसले, वडील बसले आणि वडील गेल्यावर मी. घरातला थोरला बसायचा, धाकटे हाकारे व्हायचे. हाकाऱ्याने हत्याराला हात लावायचा नाही, लावला तर रान रुसतं, असा समज होता. थोरल्याला जमेनासं झालं की त्याने पारधीच्या दिवशी देवळासमोर उभं राहून धाकट्याच्या हातात नारळ द्यायचा. नारळ दिला की जागा गेली. पण तो द्यायचा की नाही, हे फक्त थोरल्याने ठरवायचं.

मला धाकटा भाऊ एकच. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तो गावीच राहिला, शेती बघायचा. मी वर्षातून एकदा मुंबईहून जायचो, पांढरा लेंगा घालून खडकावर बसायचो आणि तो काट्याकुट्यांतून रान उठवायचा. तीस वर्षं असं चाललं होतं. यात काही चूक आहे असं मला एकदाही वाटलं नाही, आता खोटं कशाला बोलू?

हरणावर, भेकरावर कायद्याने केव्हाच बंदी आली होती. गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळेच ठाऊक नसल्यासारखे वागत होते, त्यात मीही आलो. आज लिहिताना त्याची लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, तेव्हा वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. आदल्या वर्षी बंदुकीचा धक्का खांद्याला असा बसला की गोळी गेली झाडात, भेकर गेलं पळून आणि मी खडकावर खांदा धरून बसलो. गावातली पोरं तोंडावर काही बोलली नाहीत. पण परतताना मागून हसण्याचा आवाज आला, आणि तो मी मुलुंडपर्यंत घेऊन आलो.

मग माझ्या डोक्यात धनुष्य शिरलं. साधं नव्हे, खटक्याचं. रद्दीच्या दुकानात एका इंग्रजी मासिकात फोटो पाहिला होता. बंदुकीसारखा दस्ता, पुढे आडवं धनुष्य. दोरी एकदा मागे ओढून अडकवली की मग हाताला कष्ट नाहीत, नेम धरायचा आणि खटका दाबायचा. क्रॉसबो म्हणतात त्याला. धक्का नाही, आवाज नाही. फोटोतला गोरा माणूस चांगला पासष्टीचा दिसत होता. मी ते पान फाडून खिशात घातलं.

बायकोला दाखवलं तर तिने पोळपाटावरून मानसुद्धा वर केली नाही. म्हणाली, "खांदो वर जाणा नाय, रोज तेल चोळतंय मी, आणि तुमी शिकारीक जातास! नारळ देवन टाका भावजींच्या हातात नि सुखान घराक बसा."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. तिला सगळं कळत होतं, म्हणून तर राग आला.

गाळ्यातल्या मित्राला पान दाखवलं तेव्हा तो मात्र खूश झाला. हा माझा गिरणीपासूनचा दोस्त, मराठवाड्यातला, बौद्ध, हाताने जादूगार. लोखंडाचा तुकडा त्याच्या हातात दिला की तो आधी त्याचा वास घ्यायचा. "झकास आहे यार," म्हणाला. "पण एक नाही, तीन करू. एक जोरदार, एक मधलं, एक हलकं. तुला कुठलं झेपतंय ते बघू, म्हाताऱ्या."

"मला जोरदारच लागेल."

"बघू म्हटलं ना."

दीड-दोन महिने तो जेवणाच्या सुट्टीत खपला. जीपच्या स्प्रिंगच्या पट्ट्या भंगारातून आणल्या, दस्ते सागाच्या फळीचे केले. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या मुलीचा साखरपुडा झाला आणि त्यासाठी भाऊ गावाहून आला. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. गाळ्याची किल्ली रविवारी मित्राकडे असायची. मी भावाला म्हटलं, चल, तुला साकीनाका दाखवतो. खरं म्हणजे मला त्याला धनुष्य दाखवायचं होतं. थोरला अजून संपलेला नाही, हे त्याने गावी जाऊन सांगावं असं मनात होतं.

गाळ्यात मित्राने तिन्ही धनुष्यं बाकावर ओळीने मांडली होती. समोरच्या भिंतीला चिंध्यांनी गच्च भरलेलं पोतं टेकवून त्यावर खडूने वाटीएवढा गोल काढला होता. भाऊ दाराशीच चपला काढून उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, देऊळ आहे का हे? घाल चपला." त्याने घातल्या नाहीत.

मी सरळ जोरदार धनुष्य उचललं. पुढे पाय अडकवायला लोखंडी कडी होती. त्यात पाय घातला, वाकलो, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ओढली. अर्ध्यापर्यंत आली. मग खांद्यात कुठेतरी कट्‌ झालं, डोळ्यांसमोर काजवे चमकले आणि दोरी सटकन परत गेली.

"हाताला ऑइल लागलंय," मी म्हणालो.

"पूस," मित्र म्हणाला.

मी लेंग्याला हात पुसले आणि पुन्हा ओढली. या वेळी अर्ध्यापर्यंतही आली नाही. मग मधलं घेतलं. ते कसंबसं तीन बोटं कमी पडलं. तिसऱ्या खेपेला माझ्या तोंडातून असा आवाज निघाला की शेजारच्या गाळ्यातला माणूस डोकावून गेला. गिरणीत मी एकट्याने रूळ उचलायचो, आणि भावाच्या देखत मला एक दोरी ओढेना. माझी पुरती वाट लागली होती.

मित्राला माझी दया आली असावी. विषय बदलावा म्हणून तो भावाकडे वळला. "पाव्हणं, तुम्ही बघा ना ओढून. बसवण्यातच काही चुकलंय का ते कळेल."

भावाने झटकन दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नाय, नाय. आमी हात लावणव नाय."

"का?"

"ह्यो थोरल्याचो मान. हाकाऱ्यान हत्याराक शिवाचा नसता, रान रुसता."

मित्राचा चेहरा बदलला. तीस वर्षांच्या ओळखीत मी त्याला असा पाहिला नव्हता. तो भावावर नाही, माझ्यावर आला.

"शिवायचं नाही? हे तू पाळतोस? माझ्याबरोबर एका डब्यात जेवतोस आणि हे पाळतोस?"

"अरे, ते तसं नाही. ती गावची रीत आहे."

"माझ्या गावचीपण रीतच होती. माझ्या बापाने विहिरीला हात लावायचा नाही, का, तर पाणी बाटतं. आता तू मला सांग, तुझा सख्खा भाऊ धनुष्याला शिवला तर तुझी हरणं रुसतात? तुझ्या हाताला काय सोन्याचा मुलामा दिलाय रे?"

त्याने जोरदार धनुष्य उचललं आणि भावासमोर धरलं. "घ्या. हे मी बनवलंय, माझं आहे. याच्यावर कोणाच्या बापाची रीत नाही."

भावाने ते घेतलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्रेपन्न वर्षांचा माणूस, डोक्यावरचे केस पांढरे झालेले, घरात सून आलेली, आणि तो माझ्या परवानगीची वाट बघत अनवाणी उभा होता. मी मान हलवली. मन मोठं झालं म्हणून नव्हे. मित्रासमोर तोंड दाखवायला जागा राहावी म्हणून हलवली.

त्याने कडीत पाय घातला आणि दोरी एका दमात मागे नेऊन अडकवली. खट्‌. जणू गाईचं दावं खुंट्याला अडकवावं, इतक्या सहज. मित्राने त्याला बाण कसा ठेवायचा ते दाखवलं. भावाने दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या खांद्याला हत्यार लागलं होतं. बाण गोलाच्या काठावर लागला. दुसरा आत. तिसरा त्याच्या शेजारी, मध्ये बोट मावणार नाही इतका जवळ.

"आयला!" मित्र ओरडला. "पाव्हणं, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!"

भाऊ हसला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, पण ते हसू मला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला ते बघवलं नाही. मला वाटलं, झालं, आता हा मागणार. मागितलं तर मी काय बोलू, हे मी मनात जुळवायलासुद्धा लागलो होतो.

त्याने मागितलं नाही. त्याने धनुष्य उपरण्याने पुसलं, बाकावर जसं होतं तसं ठेवलं आणि तिसरं, हलकं, उचलून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"दादा, ह्या तुका बरा. ओढून बघ."

ओढलं. आलं. खांदा कुरकुरला, पण आलं. मित्र म्हणाला, "पण याचा मारा किती? पंधरा पावलांपलीकडे याचा काही उपयोग नाही. भेकर काय याच्यापुढे येऊन उभं राहणार आहे?"

"तेची काळजी नको," भाऊ म्हणाला. "जनावर मी धा पावलांवर हाडतलंय."

असं हलकं धनुष्य ठरलं. मी ते पोत्यात गुंडाळून घरी आणलं. बसमध्ये भाऊ खिडकीशी बसून बाहेर बघत होता आणि त्याची उजवी तर्जनी मांडीवर हळूच आत-बाहेर होत होती. खटका दाबल्यासारखी. त्याला स्वतःला ते कळत नव्हतं. मी दुसरीकडे बघायला लागलो.

सोमवारी जेवायच्या सुट्टीत मित्राने डबा उघडला आणि पहिलंच वाक्य बोलला, "नारळ दे त्याच्या हातात."

"तू यात पडू नकोस."

"मी पडणारच. तीन महिने मी बोटं सोलून घेतलीत."

"दोन," मी म्हणालो आणि डबा घेऊन दाराबाहेर जाऊन बसलो. पंधरा दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मला त्याचा राग होता असं मी तेव्हा समजत होतो.

त्या शिमग्याला मी गेलो. देवळासमोर नारळ द्यायची वेळ आली, गेली, मी मुकाट उभा राहिलो. भाऊ हाकाऱ्यांत जाऊन मिळाला. मी हलकं धनुष्य चढवून खडकावर बसलो. तास-दीड तास रानात ओरडा चालू होता, मग एका बाजूने तो हळूहळू थांबला. त्या बाजूने कोणी ओरडत नव्हतं, फक्त मधूनच वाळकं काटूक मोडल्याचा आवाज, एखादा दगड घरंगळल्याचा, एखादं खोकणं. मग घळीतून एक भेकर बाहेर आलं. धावत नव्हतं, चालत होतं. मागे काहीतरी आहे एवढंच त्याला कळत होतं. माझ्यापासून दहा पावलांवर ते थांबलं आणि मागे वळून बघायला लागलं. मी खटका दाबला. तिथल्या तिथे पडलं.

गाव नाचलं. म्हाताऱ्याने कमाल केली, मुंबईचं हत्यार लई भारी, कोणी मला खांद्यावर घेतलं, तोच दुखरा खांदा धरून. नेम मारणाऱ्याचा वाटा म्हणून भेकराची मागची तंगडी माझ्या पुढ्यात आली. भाऊ सगळ्यांच्या मागून जाळीतून बाहेर पडला. कपाळापासून गालापर्यंत काट्याने उभी रेघ ओढलेली, सदऱ्याची एक बाही गायब. "लागला मां, दादा?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, "लागला." धा पावलांवर कोणी आणलं, हे मी तिथे उभ्या असलेल्या एकाही माणसाला सांगितलं नाही. तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं.

मुंबईत परतल्यावर मात्र झोप उडाली. एक गोष्ट डोक्यातून जाईना. तीस वर्षं माझ्यासमोर जी जनावरं आली, ती सगळी अशीच चालत आली होती. मला वाटायचं, जागा चांगली आहे. मला वाटायचं, माझा हात चांगला आहे. च्यायला, हात! मी नुसता बसलेला असायचो. ऑगस्टच्या सुमाराला मी मित्राच्या बाकाशी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "ते जोरदार मला दे. माझ्यासाठी नको." त्याने कानस खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि आतून ते घेऊन आला. एवढे महिने त्याने त्याला तेल घालून ठेवलं होतं.

पुढच्या शिमग्याला मी देवळासमोर भावाच्या हातात नारळ दिला. भाऊ म्हणाला, "कित्याक दादा? तुका जमता हा." मी म्हटलं, "आजपासून तू." त्याने नारळ छातीशी धरला, आणि मग तो रडला. सगळ्यांसमोर, उपरणं तोंडाला लावून. मीही रडलो. मला वाटलं, फिटलं आता सगळं.

रीत अशी की जागा सोडलेल्याचे पाय धड असतील तर त्याने हाकाऱ्यांत जायचं. मी हौसेने गेलो. आज भावाला मी जनावर आणून देणार होतो. करवंदीच्या जाळीत शिरलो आणि दहा मिनिटांत कळलं की मी या रानात कधी आलोच नव्हतो. तीस वर्षं याच्या काठावर बसलो होतो. कुठे वाकायचं, कुठे थांबायचं, वारा कुठून आहे, काही ठाऊक नाही. काटे मानेत, पायाखाली घसरडा पाचोळा. तरी मी ओरडत होतो. सगळ्यांपेक्षा मोठ्याने. भावाला खडकावर ऐकू जावं, त्याला कळावं की दादा आज त्याच्यासाठी रानात आहे, म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडत होतो.

भेकर माझ्या अगदी पुढ्यात उठलं. घळीच्या दिशेनेच तोंड होतं त्याचं. चार उड्यांत ते खडकापाशी गेलं असतं. मी आनंदाने आणखी मोठ्याने ओरडलो. ते जागच्या जागी वळलं, माझ्या बाजूने निसटलं आणि वरच्या डोंगराला लागलं.

दुपारी मी खडकापाशी पोचलो तेव्हा भाऊ ताठ बसला होता. धनुष्य चढवलेलं, मांडीवर आडवं. सकाळपासून त्याने पाय सोडले नव्हते. मला बघून त्याने दोरी उतरवली, माझा हात धरून मला खाली बसवलं आणि माझ्या दंडातले काटे एकेक करून काढायला लागला.

"माझ्याकडून गेलं रे," मी म्हणालो.

"आयकलंय मी. वरच्या अंगाक गेला." तो काटा काढत होता, मान खाली. "इतक्या मोठ्यान आरडाचा नसता, दादा. शेवटाक तर आरडाचाच नसता. ऱ्हवांदे, पुढच्या वर्षाक शिकवतंय तुका."

पुढचं वर्ष आलं नाही. त्याच पावसाळ्यात जंगल खात्याची माणसं गावात येऊन बसली, शेजारच्या गावातली दोघं पकडली गेली आणि गावाने पारध कायमची बंद केली. बंद झाली ते योग्यच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझा भाऊ त्या खडकावर आयुष्यात एकच दिवस बसला आणि त्याच्यासमोर काही आलं नाही. तीस वर्षं माझ्यासाठी रानात तो होता. त्याच्यासाठी त्या एका दिवशी रानात मी होतो.